मास्टर शून्यावर

कुमुदिनीताईंनी कानात बोट घातलं, आणि उन्मेषची इंदूरमधली पहिली तालीम अकराव्या सेकंदाला थांबली.

यावरून कुणाला वाटेल की बाई संगीताच्या वैरीण असतील. मुळीच नाही. कुमुदिनीताई निवृत्त मुख्याध्यापिका. इंदूरच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला, आणि कार्यक्रमाच्या प्रत्येक तालमीलासुद्धा, पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर त्या गेली तीस वर्षं बसत आल्या आहेत. आवाज जास्त झाला की त्या उजव्या कानात तर्जनी घालतात. बोलत काही नाहीत. मंडळाच्या घटनेत हे कुठे लिहिलेलं नाही, पण ते बोट कानात गेलं की भलेभले गवई समेची वाट न बघता थांबतात. त्या बोटाविरुद्ध आजवर कुणी अपिलात गेलेलं नाही.

"अहो, आवाज कमी करा ना जरा! बाईंचं बोट गेलंय!" सचिव श्रीहरीभिया हॉलच्या मागून ओरडले.

उन्मेषने घाईघाईने बटण फिरवलं. स्टुलाएवढा काळा अँप, म्हणजे आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी, त्यात एका बाजूने गिटार खोचलेली, दुसऱ्या बाजूने गाण्याचा माईक. माईक त्याने घरून आणला होता, कारण मंडळाकडे स्टेजचे माईक चारच. एक गायिका संहिताचा, एक निवेदनाचा, एक तबल्याचा आणि एक श्रीहरीभियांचा. तो चौथा मागायची कुणाची छाती नव्हती.

"आता तर काहीच येऊन नाही राहिलं!" श्रीहरीभिया पुन्हा ओरडले.

उन्मेषने आवाज वाढवला. बोट गेलं. कमी केला. भिया ओरडले. हा खेळ चार वेळा झाला. पाचव्या वेळी हॉलच्या शेवटी, मिक्सरच्या टेबलामागे बसलेल्या मुलीने कानावरचा हेडफोन मानेवर घेतला आणि ती उठून स्टेजकडे आली.

ही शलाका हातोदकर. पणजोबा होळकरांच्या काळात हातोदला कारकून होते, तेव्हापासून आडनाव तिथलं आणि घर इंदूरचं. दिवसा ती शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमांचा आवाज सांभाळते. त्या टेबलामागे आधी चाळीस वर्षं तिचे बाबा, चिंतामणराव, बसत. त्यांच्या कानांनी राजीनामा दिला तेव्हा खुर्ची शलाकाकडे आली, आणि खुर्चीबरोबर त्या खुर्चीचा धर्मही. तो धर्म काय, ते पुढे येईल.

"याला पाठीमागे लाईन आऊट आहे का?" तिने विचारलं.

"हं?"

"अँपला. पाठीमागे."

उन्मेषने वाकून पाहिलं. तीन वर्षं सोबत असलेल्या त्या अँपच्या पाठीमागे तो पहिल्यांदाच जात होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आहे... कधी वापरलं नाही."

"मग आज वापरू या. इथून वायर माझ्या मिक्सरला येईल. तुमचा अँप स्टेजवर कुजबुजला तरी मागच्या रांगेपर्यंत मी पोचवते. पुढे त्रास नाही, मागे तक्रार नाही."

"म्हणजे मी इथे हळू वाजवायचं?"

"तुम्ही फक्त स्वतःला ऐकू येईल एवढं वाजवा. लोकांना ऐकवायचं काम माझं."

हे वाक्य ती सगळ्याच वादकांना म्हणत असे. आजवर कुणी ते ऐकून कानाच्या पाळीपर्यंत लाल झालं नव्हतं.

वायर जोडली, आणि हॉलभर 'घूंऽऽ' असा आवाज भरला. जणू मोठा भुंगा सभासद व्हायला आला होता. कुमुदिनीताईंची दोन्ही बोटं दोन्ही कानांत गेली. ही आणीबाणी.

"अँपची पिन कुठे लावली आहे तुम्ही?"

"त्या खांबाजवळ."

"अच्छा, म्हणून. माझा मिक्सर दुसऱ्या बोर्डवर आहे. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी लावले की मध्ये ही गुणगुण येते. एकाच बोर्डवर या."

एकाच बोर्डवर यायला उन्मेषची काही हरकत दिसली नाही. पिन काढायला दोघं एकदमच वाकले, डोकी आपटता आपटता राहिली, "सॉरी" दोघंही एकदम म्हणाले. पिन बदलली. भुंगा गेला. बोटं बाहेर आली, आणि पहिलं गाणं शेवटापर्यंत पार पडलं.

मग चहा.

चहाच्या वेळी शलाका स्वतःच्या जागेवरून उठत नाही. चहा तिच्याकडे येतो. मिक्सरवर प्रत्येकाच्या आवाजाची एक पट्टी असते. पट्टी खाली ओढली की तो माणूस हॉलपुरता मुका. पण पट्टीवरचं छोटं बटण दाबलेलं असलं, तर तिच्या हेडफोनमध्ये तो बोलतच राहतो. तिने सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. उन्मेषचं छोटं बटण दाबलेलंच राहिलं होतं. मघाशी भुंगा शोधताना तिने ते दाबलं होतं.

स्टेजवर उन्मेषने अँपचा मास्टर, म्हणजे सगळ्यात मोठं बटण, शून्यावर आणला. ही त्याची भंवरकुआंची सवय. इंदूरच्या त्या भागात तो एका खोलीत राहत होता आणि भिंतीपलीकडे पीएससीची तयारी करणारी दोन मुलं. एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे बंद. त्यामुळे मास्टर शून्यावर ठेवून वाजवायचं त्याच्या बोटांना इतकं अंगवळणी पडलं होतं की आवाज आला तरच तो दचकायचा.

अँप गप्प झाला. उन्मेष गिटारवर वाकला, समोरच माईक होता... आणि शलाकाच्या कानात कुणीतरी अगदी जवळून म्हणालं,

"गाढवा! तीन वर्षं अँप आहे, आणि तिच्यासमोर काय म्हणालास? 'कधी वापरलं नाही'!"

शलाकाचा चहा बशीत सांडला.

"पण कान काय आहेत तिचे," कानातला आवाज पुढे म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात मी चुकलो, तेव्हा सगळ्या हॉलमध्ये तिचीच एक भुवई हलली."

शलाकाला हसू आवरेना. ती टेबलाखाली वाकली आणि न हरवलेली वायर बराच वेळ शोधत राहिली. वर आली तेव्हा उन्मेष तिच्याकडेच पाहत होता. तिने गंभीर चेहऱ्याने मिक्सरची कुठलीशी चकती फिरवली. ती कशालाच जोडलेली नव्हती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. या अँपमध्ये लाईन आऊट मास्टरच्या आधीच बाहेर पडत होती. मास्टर शून्यावर केला तर अँपचा स्पीकर बंद, वायर मात्र चालू. आणि हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

सांगायला हवं होतं. दोन पावलांवर स्टेज होतं. म्हणजे तीस पावलांवर, पण तेही काही फार नाही.

तिने सांगितलं नाही. उद्या सांगू, असं ठरवलं. जगातले बरेचसे उद्योग याच ठरावावर चालतात.

*

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मास्टर पुन्हा शून्यावर गेला. शलाकाने ते छोटं बटण बंदच आहे ना हे बघायला हात पुढे केला आणि चुकून दाबलं.

"सांगलीला असताना वाटायचं, इंदूर म्हणजे पोहे," कानात आवाज आला. मागे गिटारचे हलके सूर. "आता वाटतं, इंदूर म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचं जीरावन. आठ महिने झाले, चांगलं जीरावन कुठे मिळतं ते कुणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, 'घरचं आहे भिया.'"

एकटा राहणारा माणूस स्वतःशी बोलतोच, शलाकाने मनाशी म्हटलं. त्यात ऐकण्यासारखं काही नाही. आणि तिने हेडफोन जरा घट्ट बसवला.

तिसऱ्या दिवशी ती आईने केलेल्या जीरावनचा डबा घेऊन आली. "सगळ्यांसाठी," असं तिने तीन वेळा जाहीर केलं. उन्मेषच्या पोह्यांवर मात्र स्वतःच्या हाताने घातलं.

"तिखट आहे," ती म्हणाली.

"चालेल."

"जास्त घालू?"

"हं."

बस. समोरासमोर या गृहस्थाचा शब्दसंग्रह चार शब्दांचा, त्यातला एक 'हं'. आणि पंधरा मिनिटांनी, मास्टर शून्यावर गेल्यावर, तोच माणूस सुरांच्या आडून म्हणत होता, "तिच्या डाव्या हाताच्या करंगळीला शाईचा डाग आहे. शिक्षकांना असतो. गणिताची शिक्षिका आणि करंगळीला शाई... म्हणजे अजून फळ्यापेक्षा वहीवर जीव आहे. आणि आज निळा कुर्ता. निळा छान आहे. पण परवाच्या पिवळ्याची सर नाही."

दुसऱ्या दिवशी शलाका पिवळा कुर्ता घालून आली. निळा धुवायला टाकला होता, एवढंच. उन्मेषने तिला दारातून येताना पाहिलं आणि सरळसोट चाललेल्या गाण्यात असा काही सूर लावला की तबलजीने हात उचलून विचारलं, "भिया, तब्येत ठीक आहे ना?"

चहाच्या वेळी हेडफोनमध्ये बराच वेळ नुसती गिटार होती. मग एकच शब्द आला.

"पिवळा."

आणि पुन्हा गिटार.

*

त्या रात्रीच्या जेवणात शलाकाने बाबांना विचारलं. चिंतामणरावांना आता मोठ्याने सांगावं लागतं. पण मोठ्याने सांगायची गोष्ट नव्हती ही, म्हणून ती आडून शिरली.

"बाबा, तुम्हाला हेडफोनमध्ये लोकांचं खाजगी बोलणं ऐकू यायचं का हो?"

"चाळीस वर्षं!" बाबा खूश झाले. "एका अध्यक्षांनी भाषणाआधी दोन मिनिटं स्वतःच्या भाषणाला शिव्या दिलेल्या ऐकल्या आहेत मी. भाषणापेक्षा चांगल्या होत्या."

"मग? कुणाला सांगितलंत?"

"छे! हेडफोनमधलं हेडफोनमध्ये राहतं. डॉक्टरांचं असतं तसं. ज्याला आपण ऐकतोय हे माहीत नाही, त्याचं बोलणं आपल्या मालकीचं नाही. ते वापरायचं नाही, सांगायचं नाही... आणि त्यावरून कपडे बदलायचे नाहीत."

"काय?" शलाकाने घास ताटात ठेवला.

"काही नाही. आई म्हणत होती, निळा कुर्ता धुतलेला कपाटातच आहे."

हा तो खुर्चीचा धर्म. चाळीस वर्षं बापाने पाळला आणि चौथ्या दिवशी लेकीने जीरावनासकट बुडवला. शलाका त्या रात्री ठरवून झोपली: उद्या सगळं सांगायचं आणि माफी मागायची.

उद्या आला. चहा आला. सांगण्यापूर्वी शेवटचं म्हणून तिने हेडफोन लावला.

"होसूरला बदलीची ऑर्डर आली," आवाज म्हणाला. आज गिटार नव्हती. "इथल्या पिथमपूरच्या कारखान्यातून थेट तमिळनाडूत. मोठं पद आहे. दिवाळी पाडव्याला, कार्यक्रमाच्याच दिवशी, दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवायचं. हो म्हणायला काही लागत नाही. नाही म्हणायला कारण लागतं. कारण आहे. पण कारणाला मी अजून विचारलेलं नाही."

आता शलाका पुरती अडकली. विचारलंच नाही, तर उत्तर कसं द्यायचं? आणि उत्तर द्यायचं, तर 'मला हे कसं कळलं' तेही सांगावं लागणार. म्हणजे पाच दिवस चोरून ऐकल्याची कबुली. ऐकून तो म्हणेल, अशा मुलीपेक्षा होसूर बरं. आणि गप्प बसावं, तर पाडव्याला बारा वाजता तो 'हो' कळवणार. गणिताच्या बाईंसमोर असं गणित आलं होतं की ज्याच्या दोन्ही रीतींनी उत्तर शून्यच येत होतं.

*

पाडव्याला चार दिवस राहिले असताना परतीचा पाऊस आला. तालीम संपली होती. हॉलच्या पोर्चमध्ये शलाका स्कूटरवर रेनकोट टाकून उभी, आणि शेजारी उन्मेष, गिटारची पेटी पोटाशी धरून. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की कुमुदिनीताई असत्या तर ढगांना बोट दाखवलं असतं.

"थांबेल?" तो म्हणाला.

"थांबेल ना. इथे पाऊस जास्त वेळ भाव नाही खात."

"हं."

पाऊस. पुन्हा पाऊस.

"तुम्हाला..." ती म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. अगदी नीट. "तुम्हाला?"

"मला? नाही. मला काय... मी आपलं सहज."

"मलाही तसंच."

"अच्छा."

"म्हणजे... अँपची लेव्हल ठीक येते ना? तिकडे?"

"येते की. एकदम साफ."

"सगळं?"

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे... बारीक सूरसुद्धा?"

"बारीकही येतं," शलाका म्हणाली, आणि पावसाकडे पाहू लागली. त्याच्या ओठांवर काहीतरी होतं; हसू म्हणावं तर हसू नव्हतं.

तेवढ्यात श्रीहरीभिया छत्री घेऊन धावत आले. "अरे उन्मेषजी! भिजून राहिले तुम्ही? चला, मी सोडतो भंवरकुआंला. गाडीत तुम्हाला माझं आभाराचं भाषण ऐकवतो. सतरा मिनिटांचंच आहे."

उन्मेष गेला. जाताना त्याने वळून पाहिलं. पाऊस दोन मिनिटांत थांबला. त्याचं काम झालं होतं.

*

पाडव्याची पहाट. सव्वापाचला हॉलच्या दारात रांगोळी, आत उटण्याचा, मोगऱ्याचा आणि ठेवणीतल्या पैठण्यांमधल्या डांबरगोळ्यांचा वास. सगळं इंदूरकर मराठी जग अभ्यंगस्नान करून, केस ओलेच घेऊन आलेलं. मागच्या अंगणात पोह्यांची कढई आणि जिलबीचा पाक. संगीतासाठी लोक येतात, यावर मंडळाचा विश्वास आहे. तो मोडायला कशाला जा.

पहिल्या रांगेत कुमुदिनीताई. बोट मांडीवर, पण सावध. शेवटच्या रांगेत, लेकीच्या टेबलाशेजारी, चिंतामणराव.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी श्रीहरीभिया शलाकाकडे धावत आले. "शलाका, जरा सांग ना सगळ्यांना, गेटमध्ये पांढरी स्कूटर उभी आहे, जिलबीवाल्याची गाडी आत येऊन नाही राहिली."

मिक्सरवर तिच्यासाठी एक छोटा माईक असतो. त्याची कळ डावीकडे असली की तिचं बोलणं फक्त स्टेजवरच्या वादकांना ऐकू जातं. उजवीकडे असली की सगळ्या हॉलला. तिने कळ उजवीकडे सरकवली, पांढऱ्या स्कूटरची जाहीर बेअब्रू केली, आणि लगेच पडदा उघडला. कळ तिथेच राहिली.

कार्यक्रम सुरेख झाला. संहिता गायली, उन्मेषने असं वाजवलं की लोक टाळी द्यायच्या आधी अर्धा क्षण थांबले. कुमुदिनीताईंचं बोट एकदाही हललं नाही. शेवटच्या गाण्याआधी आभार. श्रीहरीभिया त्यांच्या स्वतःच्या माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. कागदाची घडी उलगडतच राहिली. खुर्च्या कुरकुरल्या. बाहेर जिलबी तळली जात होती. घड्याळात पावणेनऊ.

शलाकाने भियांची सोडून बाकी सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. उन्मेषने मास्टर शून्यावर नेला. छोटं बटण दाबलेलंच होतं. आता ते चुकून दाबण्याचं सोंगही तिने सोडलं होतं.

"बारा वाजता फोन करायचा आहे," कानात आवाज आला. हळू, अगदी माईकला ओठ लावून. "त्याच्याआधी एक सांगतो. मला माहीत आहे की तुम्हाला ऐकू येतंय."

शलाकाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला.

"पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. पण जिथे फक्त मी हसायला हवं होतं तिथे तुम्ही टेबलाखाली गेलात. घरी जाऊन अँपची पुस्तिका काढली. पान अकरा. 'मास्टर शून्यावर असतानाही लाईन आऊट चालू राहते.' तीन वर्षं ते पान मी उघडलं नव्हतं. मग मी रोज मास्टर शून्यावर ठेवला आणि रोज बोललो... समोर उभं राहिलं की मला 'हं'च्या पुढे जाता येत नाही. पहिल्या दिवशीचं तेवढं मुद्दाम नव्हतं. ते आपोआप आलं होतं, आणि तेच सगळ्यात खरं होतं. जीरावन आलं, पिवळा आला, मला वाटलं तुम्ही सांगाल. पावसातही वाट पाहिली. आता वेळ नाही. मी राहावं असं वाटत असेल तर... निदान हात हलवा."

तो मान वर करून हॉलच्या टोकाकडे पाहू लागला. स्टेजवर त्याच्या शेजारी श्रीहरीभिया खुर्च्या पुरवणाऱ्यांचे आभार मानत होते.

इथे कुठल्याही शहाण्या मुलीने हात हलवला असता. पण शलाकाला आधी आठवली ती चौथ्या दिवसाची रात्र, बाबांचा धर्म, न झोपता काढलेले आठ दिवस. बारा दिवस ती पापी म्हणून वावरली होती, आणि हा माणूस पान अकरा वाचून बसला होता! तिने छोटा माईक ओढला आणि बोलायचं बटण दाबलं. फार तर स्टेजवरच्या वादकांना ऐकू जाईल, हॉलला नाही, या खात्रीने.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "बारा दिवस? आणि मी इथे चोरासारखी बसून राहिले? मला झोप नाही, जेवण नाही, वर्गात सातवीच्या मुलांना मी 'उन्मेष अधिक सात' शिकवलंय! होसूरला नाही म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता. आणि निळा कुर्ता धुवायला वगैरे काही गेला नव्हता. पिवळा मी मुद्दाम घातला होता!"

तिचा आवाज तिला जरा मोठा वाटला. मग जरा जास्तच मोठा. मग लक्षात आलं की हॉलच्या चारही स्पीकरमधून, पांढऱ्या स्कूटरच्याच वाटेने, तिचा पिवळा कुर्ता साडेतीनशे लोकांपर्यंत पोचला होता.

श्रीहरीभिया कागद धरून तसेच उभे. एक ओळ हरवली होती आणि बहुतेक सगळंच भाषण. साडेतीनशे ओली डोकी एकदम मागे वळली. बाहेरच्या कढईत जिलबी फुगल्याचं ऐकू यावं अशी शांतता.

आणि पहिल्या रांगेत कुमुदिनीताईंचं बोट उठलं.

सगळ्यांनी पाहिलं. बोट कानाकडे निघालं. कानाशी आलं. कानावरून पुढे गेलं... आणि डोक्याच्या वर, छताच्या दिशेने ताठ उभं राहिलं. तीस वर्षांत ते बोट कधी तिकडे गेलं नव्हतं. मग त्याहून अघटित झालं. कुमुदिनीताई बोलल्या.

"मुला, तुझं उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे. आवाज वाढव."

उन्मेष वाकला. त्याचा हात अँपच्या सगळ्यात मोठ्या बटणावर गेला. शून्यावरून तीन. पाच. आठ. अँप एकदा किंचाळला, मग सावरला. उन्मेषने घसा साफ केला, तोही सगळ्यांना ऐकू आला.

"होसूरला नाही," तो म्हणाला. "इथे... हो."

हे पाच शब्दही नव्हते. पण त्यात 'हं' एकही नव्हता.

हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला, जसा आपल्या आभाराच्या भाषणाला मिळावा असं श्रीहरीभियांनी आयुष्यभर स्वप्न पाहिलं असेल. तेव्हा त्यांनी तो स्वतःचाच समजून वाकून नमस्कार केला. अँप आठवर गुरगुरत होता, कुमुदिनीताईंपासून सहा फुटांवर. त्यांचं बोट पुन्हा मांडीवर येऊन शांत पडलं होतं.

शलाकाने तोंड दोन्ही हातांत लपवलं होतं. बोटांच्या फटीतून तिला दिसलं, स्टेजवरचा माणूस हात हलवत होता. हात तिने हलवायचा होता खरं तर. तिने हलवला.

शेजारी चिंतामणराव कानामागे तळवा धरून बसले होते. "काय म्हणाला गं तो?"

"हो म्हणाला, बाबा," शलाका पुटपुटली. मग मोठ्याने, "हो म्हणाला!"

बाबांनी मान डोलावली. त्या छोट्या माईककडे, उजवीकडे सरकलेल्या कळीकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं ही कळ मी सांभाळली," ते म्हणाले. "एकदासुद्धा चूक झाली नाही माझ्याकडून." मग एक बारीकसा उसासा टाकून, खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हाकडे पाहत, "राहूनच गेलं."

शलाकाने कळ डावीकडे केली, उन्मेषची पट्टी हळूच वर ढकलली, आणि शेवटचं गाणं सुरू झालं.